थंडेराव ट्रायलचा सौदा करतात

जुन्या फर्निचरच्या बाजारात त्यांना सगळे थंडेराव म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर रंगवलेलं होतं, पण पाटी वाचून कोणी हाक मारतं होय? हे नाव पडलं ते चेहऱ्यावरून. समोर कितीही देखणं कपाट उभं करा, थंडेरावांचा चेहरा आपला गार. पापणी लवायची नाही. आतून जीव कासावीस झालेला असायचा, हे कपाट हातचं गेलं तर आज घास उतरायचा नाही इतका. पण वर आव असा, की गृहस्थ वाट चुकून आत आलेत आणि आता बाहेर कसं पडावं याचा विचार करताहेत. हवी ती वस्तू डोळ्यांत दिसली की भाव चढला, हे त्यांच्या धंद्याचं पहिलं आणि शेवटचं कलम.

या नाटकात ते एकटे नव्हते. जोडीला बायको होती. तिला बाजार काकी म्हणायचा, आपणही काकीच म्हणू. काकी जुन्या फर्निचरवाल्याचीच लेक, लहानपणी कपाटांच्या आत बसून अभ्यास केलेली. कपाट पुढून कोणीही बघतो. काकी मागे जायची. खण काढून उलटे करायची, फळीवर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावायची, आणि कीड कुठे आहे, कुठला सांधा मागाहून चिकटवलाय, ते तिला तिथल्या तिथे कळायचं. मग ती नवऱ्याकडे एकदा बघायची. तेवढ्यावरून थंडेराव समजायचे की माल घ्यायचा. ते सुस्कारा टाकून म्हणायचे, "ठीक आहे हो, पण असली आमच्याकडे पडून आहेत." काकी त्यांची बाही ओढायची, "चला, उशीर होतोय." आणि दोघं रमतगमत दाराकडे निघायची. दार गाठायच्या आत मागून हाक यायची, "अहो, थांबा तरी!"

ही हाक कधी चुकली नव्हती. तिच्यावर दुकान उभं राहिलं, घर झालं, एका लेकीचं शिक्षण झालं.

मग काकीला कॅन्सर झाला. अंडाशयाचा. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, केस परत आले आणि पहिल्यापेक्षा कुरळे आले म्हणून बाजारानं तिचं कौतुकही केलं. वर्षभर सगळं बरं चाललं, आणि एका स्कॅनमध्ये तो पुन्हा उगवला. कॅन्सरच्या डॉक्टर साध्या, सरळ बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुन्हा केमो देऊ. त्यानं तो काही काळ आटोक्यात राहील. किती काळ, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि एक करा, एखादी क्लिनिकल ट्रायल मिळते का तेही बघा. मात्र केमो सुरू व्हायच्या आधी बघा. एकदा सुरू झाली की बहुतेक ट्रायलची दारं बंद होतात."

बाहेर आल्याबरोबर थंडेरावांचा पारा चढला. "माझ्या बायकोवर प्रयोग करणार? वाटेल ते!"

"अहो, वस्तू न बघताच नाही काय म्हणता?" काकी म्हणाली. "आधी मागची बाजू तर बघू."

मागची बाजू बघायचं काम दुकानाच्या मागच्या खोलीत सुरू झालं, पॉलिशच्या वासात. लेक पोहायला शिकवायची. संध्याकाळी ओल्या केसांनी तशीच यायची आणि लॅपटॉप उघडायची. जिथे सगळ्या ट्रायलची नोंद असते ती वेबसाइट डॉक्टरांनी सांगितली होती. पहिल्या दिवशी लेकीच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. एक ट्रायल दुसऱ्याच अवयवाची निघे. एक बरोबर त्याच अवयवाची, तर भरती कधीच संपलेली. एक चालू, पण इतक्या लांब की विमानानं जावं लागेल. एकीत सगळं जुळलं, आणि शेवटी अट आली की रुग्णानं पूर्वी अमुक औषध घेतलेलं नसावं. काकीनं तेच घेतलेलं.

"आई, यात आपल्यासाठी काही नाहीच," लेक म्हणाली.

"लिलावाची यादी कधी वाचली आहेस का? पानंच्या पानं वाचायची, तेव्हा एखादी वस्तू आपली निघते. चल, पुढचं पान."

या बाईचं मला फार कौतुक वाटतं. आजार पोटात घेऊन ती चष्मा पुसत बसायची आणि जे समजलं नाही ते पुन्हा वाचायला लावायची. एरवी माणसं न समजलेल्या वाक्यापुढे मान डोलावतात आणि पुढे जातात. काकी तिथे खुर्ची ओढून बसायची. पहिल्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये औषध माणसाला झेपतं किती ते बघतात, दुसऱ्यात ते काही काम करतं का ते बघतात, तिसऱ्यात आहे त्या उपचारापेक्षा ते खरंच बरं आहे का ते बघतात, एवढं तिनं लेकीकडून वदवून घेतलं, आणि मग डॉक्टरांना फोन करून लेकीला बरोबर समजलंय ना याची खात्री करून घेतली. लेक रुसली. काकी म्हणाली, "रुसू नकोस. तुझ्या बाबांनी आणलेली खुर्चीसुद्धा मी तपासून घेते."

आणि एके संध्याकाळी त्या यादीत काकीची वस्तू सापडली. तिसरा टप्पा, तिचाच कॅन्सर, तिच्यासारखाच परत आलेला. पूर्वीच्या औषधाची ती अट यात नव्हती. हॉस्पिटल याच शहरात, नदीपलीकडे. भरती चालू होती, पण महिनाअखेर संपणार होती. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि केमोची तारीख तेवढी पुढे ढकलली. "याच्यापुढे थांबणं बरं नाही," हेही त्यांनी सांगितलं.

नदीपलीकडच्या त्या हॉस्पिटलात एका दारावर 'चाचणी समन्वयक' अशी पाटी होती. आत दोन खुर्च्या, एक घुमणारा छोटा फ्रिज आणि चष्मा डोक्यावर चढवून तोच चष्मा टेबलावर शोधणारी एक तरुण मुलगी. थंडेरावांनी तिला बघताक्षणी मनाशी म्हटलं, पोरगी साधी आहे, लवकर आटपेल.

तिनं सगळं नीट सांगितलं. केमो सर्वांनाच मिळणार. निम्म्या जणांना तिच्या जोडीला नवी गोळी, निम्म्यांना नुसती केमो, आजवर देतात तीच. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर ठरवणार. डॉक्टरांना निवडता येत नाही, रुग्णालाही नाही. मग तिनं एक जाडजूड माहितीपत्रक पुढे सरकवलं. "हे घरी न्या. वाचा, घरच्यांशी बोला, तुमच्या डॉक्टरांना विचारा. नाही म्हणालात तरी तुमचे नेहमीचे उपचार चालूच राहतील. आणि हो म्हणून सही केलीत, तरी नंतर केव्हाही बाहेर पडू शकता. कारणसुद्धा द्यावं लागत नाही."

आता थंडेरावांच्या कानांनी हे कसं ऐकलं ते सांगायला हवं. 'नाही घेतलंत तरी चालेल' असं म्हणणारा विकणारा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला होता तो एकच, आणि तो सगळ्यांत बेरकी होता. पोरीबद्दलचं मत त्यांनी झटक्यात बदललं. पोरगी तयारीची आहे! आणि निम्म्यांना नवं, निम्म्यांना जुनं, हा तर पहिला भाव झाला. पहिल्या भावाला कोणी माल उचलतं का? थोडं ताणलं की गोळीवाला गट पक्का करून देईल. बायकोच्या जिवाचा सौदा होता, त्यात हात आखडता घेऊन कसं चालेल? थंडेरावांचा चेहरा आपोआप गार पडला. पत्रक त्यांनी हातात घेतलं, वजन केल्यासारखं केलं आणि टेबलावर ठेवून दिलं.

"ठीक आहे," ते सुस्कारा टाकून म्हणाले. "पण आम्हाला काही एवढी निकड नाही. आम्ही आणखी एकदोन ठिकाणी बघतोय."

आणि नवल बघा. जिनं इतक्या संध्याकाळी डोळे फोडून ही ट्रायल शोधली होती, त्या काकीचा हात नवऱ्याच्या बाहीकडे गेला. "चला," ती म्हणाली, "उशीर होतोय."

दोघं उठली. रमतगमत दाराशी आली. मागून हाक आली नाही. दाराबाहेर पडल्यावर थंडेरावांनी बुटाची नाडी बांधायला म्हणून वाकून थोडा वेळ काढला. काकीनं भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र सावकाश वाचलं. व्हरांडा संपला, लिफ्ट आली, दार उघडं राहिलं, दार बंद झालं. हाक नाही.

"पक्की आहे," लिफ्टमध्ये थंडेराव म्हणाले. "फोन करेल."

पत्रक तेवढं लेकीनं आधीच वेबसाइटवरून छापून घेतलं होतं, ते घरी होतं.

फोनची वाट बघणं सुरू झालं. थंडेराव गल्ल्यापाशी एक खुर्ची घेऊन बसले आणि तिला इतकं पॉलिश केलं की बसणारा घसरला असता. फोन वाजला की ते आधी चेहरा सारखा करायचे आणि मग उचलायचे. कोणाला पलंग विकायचा असे, कोणाची डिलिव्हरी राहिलेली असे. "ताणून धरतेय," ते म्हणायचे. पण आवाजातला ताठा रोज थोडा कमी व्हायचा. जेवताना ते काकीच्या ताटाकडे बघायचे आणि स्वतःच्या ताटातलं सोडून उठायचे. मनात एकच चाललेलं असायचं, महिना संपत आला.

काकी तेवढे दिवस पत्रक वाचत होती. तिच्या पद्धतीनं, मागून पुढे. आधी शेवटची पानं, जिथे गोळीनं काय काय बिघडू शकतं ते लिहिलं होतं: रक्त कमी होणं, मळमळ, यकृतावर ताण. तिथून एकेक पान मागे येत ती पहिल्या पानावर पोहोचली, आणि तिथे थांबली. दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "ती फोन करणार नाही."

"करेल गं. धीर धर."

"नाही करणार. हे वाचलंत? भाग घ्यायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, कोणी गळ घालायची नाही, मागे लागायचं नाही. पहिल्याच पानावर आहे, म्हणून माझं शेवटी वाचून झालं. तिला काही विकायचंच नाहीये हो. आपण नको म्हणालो, तिनं नको ऐकलं. आणि खरं मानलं."

थंडेरावांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ज्या हुन्नरावर घर उभं केलं, त्याच हुन्नरानं त्यांनी बायकोच्या तोंडचा घास काढून घेतला होता.

"मी केलं हे," ते म्हणाले.

"दोघांनी केलं. बाही मी ओढली." काकी चपला शोधायला लागली. "ट्रायल शोधायला मी, आणि सोडून निघायलाही मीच. हात आपोआप गेला बघा. इतकी वर्षं तेच केलं ना! उठा आता. दुकान बंद करा."

वाटेत पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. टॅक्सीत थंडेराव एकदाही टेकून बसले नाहीत.

पाटीचं दार उघडं होतं. समन्वयक मुलगी उभ्या उभ्या काहीतरी खात होती. यांना बघून तिनं डबा झाकला. थंडेरावांनी घसा साफ केला. पण बोलली काकी. ती खुर्चीत बसलीसुद्धा नाही. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी राहिली, आणि तिचा तो सरावलेला, सपाट, दुकानातला चेहरा आधी एका बाजूनं हलला, मग दुसऱ्या. लाकडाला जुना रंग घट्ट बसलेला असावा आणि तो खरवडून काढावा लागावा, तसं तिला ते जड गेलं.

"मला ही ट्रायल हवी आहे," काकी म्हणाली. "मागच्या वेळी आम्ही जे बोललो ते खोटं होतं. आम्ही दुसरीकडे कुठेही बघत नाही. मला हवी आहे. मला जगायचंय. अजून पुष्कळ जगायचंय."

थंडेरावांनी जन्मात बायकोच्या तोंडून 'मला हवं' ऐकलं नव्हतं. दुकानात नाही, घरी नाही. त्यांना वाटलं होतं, हिला फारसं काही लागतच नाही. ते भिंतीला टेकले. मला विचाराल तर त्या बाजारातल्या कुठल्याही बहाद्दरानं कधी दाखवली नसेल एवढी हिंमत त्या एका वाक्याला लागली होती, आणि ती बाई ते बोलून शांतपणे उत्तराची वाट बघत उभी होती.

मुलीनं डोक्यावरचा चष्मा काढून डोळ्यांवर लावला. "बसा काकी, आधी बसा," ती म्हणाली. "मी तुमच्या नावापुढे 'इच्छुक नाहीत' असं लिहिलं होतं."

"मग थांबवलं का नाहीस?" थंडेराव जवळजवळ ओरडलेच. "एक हाक मारायची होतीस! आम्ही हाकेसाठीच हळू चालत होतो!"

"काका, मला हाक मारता येत नाही." ती बिचारी लाल झाली. "तुम्ही निघालात, तेव्हा मी दारापर्यंत आले होते. तुम्ही नाडी बांधत होता. तिथून परत फिरले. मी गळ घातली असती आणि तुम्ही हो म्हणाला असतात, तर ते हो माझं झालं असतं, काकींचं नसतं. पुढे त्रास सोसायचा तो त्यांनी. त्यामुळे हो पण त्यांचंच पाहिजे."

थंडेराव भिंत सोडून खुर्चीवर बसले. आयुष्यभर माणसं पारखली, आणि या पोरीला बेरकी समजलो! तिच्यासमोर त्यांना एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. पण स्वभाव का असा एका फटक्यात जातो? थोड्याच वेळात ते पुढे सरकून म्हणाले, "बरं, झालं ते झालं. आता उघड विचारतो. ते गोळीवाल्या गटाचं तेवढं पक्कं करून टाक ना."

"माझ्या सख्ख्या आईलासुद्धा देता येणार नाही काका. कॉम्प्युटर काय सांगेल ते मलाही माहीत नसतं."

"असं कसं? निम्म्यांना चांगलं द्यायचं आणि निम्म्यांना..."

"अहो," काकी म्हणाली, "मागे तो पॉलिशवाला नवं पॉलिश घेऊन आला होता, आठवतंय? आपण काय केलं? एकाच टेबलाच्या अर्ध्या भागाला नवं लावलं, अर्ध्याला आपलं जुनं. सगळ्या टेबलाला नवं लावलं असतं तर कळलं असतं का, चमक पॉलिशची की लाकडाची?"

"ते टेबल होतं गं."

"ऐका तर. आणि कुठल्या अर्ध्याला नवं लावायचं ते कोणी ठरवलं? तुम्ही. तुम्ही चांगला, गुळगुळीत भाग बघून तिथे नवं लावलंत, कारण ते घ्यायचं तुमच्या मनात आधीच होतं. मग ते चांगलं दिसलं. मग आपण ते पिंपभर घेतलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात सगळं सोलून निघालं. म्हणून माणसानं निवडायचं नसतं. आणि नवं म्हणजे चांगलंच, हे यांनाही अजून माहीत नाही. माहीत असतं तर ट्रायल कशाला केली असती?"

समन्वयक मुलगी बघतच राहिली. "काकी, हे मी आजपासून वापरू का?" तिनं विचारलं.

"वापर की. पण पॉलिशवाल्याचं नाव विचारू नकोस."

त्यानंतर काकीनं पत्रकाची मागची पानं काढली. यकृताचं जे लिहिलंय ते आधीच्या टप्प्यात कितीजणांना झालं, आणि गोळी थांबवल्यावर बरं झालं का? नुसती केमो वाट्याला आली तर माझ्याकडे तितकंच लक्ष देणार का? दोन्ही गटांकडे बाहेरून कोण बघतंय, आणि गोळी घातक निघाली तर ती थांबवायचा हक्क कोणाला? जास्तीच्या तपासण्या किती, दर वेळी नदी ओलांडून यावं लागेल का? शेवटी काय निघालं, ते मला कळवाल का? मुलीला जमलं त्याचं उत्तर तिनं दिलं. एका प्रश्नाला "मला नक्की माहीत नाही" म्हणून ती उठली आणि ट्रायलच्या डॉक्टरांनाच बोलावून आणलं. तेही खुर्ची ओढून बसले आणि घड्याळाकडे न बघता बोलले. 'मला माहीत नाही' हे शब्द काकीला त्या खोलीतल्या सगळ्या गोष्टींत जास्त आवडले, असं तिनं नंतर लेकीला सांगितलं.

सही त्या दिवशी नाही केली. दुसऱ्या दिवशी, लेकीला घेऊन येऊन केली. मग रक्त, स्कॅन, हृदयाचा आलेख, ऑपरेशनच्या वेळी काढून ठेवलेल्या गाठीचा तुकडा, अशा तपासण्यांची रांग लागली. एकेका निकालावर जीव टांगणीला. एका तपासणीत काही कमी निघालं म्हणून ती पुन्हा करावी लागली, तेव्हा थंडेरावांनी व्हरांड्यात येरझारा घालून तिथल्या सफाईवाल्याला वैताग आणला. महिना सरता सरता काकी सगळ्या अटींत बसली.

गट ठरायचा त्या दिवशी खोलीत चौघं होती. मुलीनं माहिती भरली, एक बटण दाबलं, आणि पडद्यावर दोन ओळी आल्या. तिनं त्या आधी स्वतः वाचल्या. मग काकीकडे वळून सरळ सांगितलं.

"केमोचा गट. गोळी नाही."

फ्रिज घुमत होता, तो एकदम मोठ्यानं घुमल्यासारखा वाटला. लेकीनं आईचा खांदा धरला. थंडेराव मात्र ताडकन उठले. "मग कशाला थांबायचं? केव्हाही बाहेर पडता येतं म्हणाली होतीस ना? कारण द्यावं लागत नाही ना? आम्ही बाहेर पडतो. केमो आम्हाला आमच्या डॉक्टरांकडे मिळते, घराजवळ. चल गं."

"हो, पडू शकता," मुलगी हळूच म्हणाली. गळ तिनं याही वेळी घातली नाही. बोटं मात्र एकमेकांत घट्ट अडकवून बसली.

काकी उठली नाही. "मी राहते," ती म्हणाली.

"अगं, पण का?"

"मला जी केमो मिळणार, ती कधीतरी नवी होती. तेव्हा कोणीतरी दुसऱ्या गटात बसलंच असेल. ते उठून गेले असते तर मला गेलं वर्षसुद्धा मिळालं नसतं." मग मुलीकडे बघून म्हणाली, "पहिली तारीख कधीची देतेस?"

केमोच्या खोलीत आरामखुर्च्यांची रांग होती. खिडकीतून नदी दिसायची नाही, समोरच्या इमारतीचे पाइप दिसायचे. काकीच्या हातात सुई होती, बाटलीतून थेंब थेंब उतरत होतं, आणि शेजारच्या स्टुलावर थंडेराव बसले होते.

"तुला वाईट नाही वाटलं?" त्यांनी विचारलं. "त्या दिवशी, गट सांगितला तेव्हा?"

"वाटलं की! फार वाटलं. मला ती गोळी हवी होती हो. लहान पोरासारखी हवी होती. घरी येऊन न्हाणीघरात रडले मी."

"चेहऱ्यावर तर काही दिसलं नाही."

"चेहऱ्याचं काय घेऊन बसलात? धंदा माझाही तोच आहे." ती थोडी हसली, मग हसू गेलं. "तुम्हाला मी लग्नाचं विचारलं होतं, आठवतं? आमच्या बाबांच्या गोदामात. सगळा धीर गोळा करून मी विचारलं, आणि तुम्ही काय म्हणालात?"

थंडेरावांनी मान खाली घातली. "बघू, म्हणालो."

"बघू, म्हणालात. आणि एका खुर्चीचा पाय हलवून बघायला लागलात. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. वाटलं, संपलं. पुढच्या आठवड्यात हो म्हणत आलात, पण तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक."

"अगं, माझ्या पायांत बळ राहिलं नव्हतं," थंडेराव म्हणाले. "पडलो असतो मी. म्हणून ती खुर्ची धरली होती."

काकी त्यांच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं एका घरात, एका दुकानात काढली, आणि हे तिला आज कळत होतं.

"मग सांगायचं होतंत तसं," ती म्हणाली.

थंडेरावांनी खोलीभर नजर फिरवली. सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या, नर्स एकीचं पांघरूण नीट करत होती, कोणी मासिक चाळत होतं. त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरले. लपवायला काही हाताशी नव्हतं, आणि त्यांनी शोधलंही नाही.

"मला तू हवी आहेस," ते म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "कुठल्याही गटात अस. पण हवी आहेस मला."

शेजारच्या बाईनं मासिक खाली केलं. नर्सचा हात पांघरुणावरच थांबला. काकीनं डोळे मिटून घेतले आणि सुई नसलेला हात पुढे केला.

"परत बोला," ती म्हणाली.

"का? ऐकू नाही आलं?"

"आलं. तरी बोला."

थंडेराव परत बोलले.